नांगर

माझ्या बापाचा नांगर पाण्यात बुडायचा,
बोट जागच्या जागी धरून ठेवायचा.
माझा नांगर रुळांवर धावतो,
मागून दोन इंजिनं ढकलतात
आणि पुढे काही दिसत नाही.

काहीच नाही. हे सांगून कुणाला पटत नाही.
न्यूफाउंडलंडच्या या उघड्या माळावर,
जिथे कुणा खलाशानं
टेकड्यांना शिडांची नावं देऊन ठेवलीत,
बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो.
टपावरच्या काचेच्या खोपटात मी बसतो.
एका हाताशी पात्याचा दांडा, दुसऱ्या हाताशी पंखांचा.
फाटक आलं, सांधा आला, की पातं उचलायचं.
नाही उचललं तर पोलादावर पोलाद आपटतं
आणि आपण रुळांखाली, दोन्ही इंजिनांसकट.
त्यासाठी खुणेचे खांब रोवलेत.
रोवलेत म्हणजे, आहेत बर्फाखाली कुठेतरी.

म्हणून मी ऐकतो.
पुलावर आवाज पोकळ होतो,
खडकाच्या खिंडीत तो अंगावर धावून येतो,
तळ्याकाठी नुसता भुसभुशीत, जसं कुणी पिठात चालतंय.
ऐकायचं आणि मोजायचं.
मागच्या इंजिनात अँब्रोझ पार्डी. त्याला तर माझी पाठही दिसत नाही.
मी घंटी दाबली की तो थांबतो,
दोनदा दाबली की जीव खाऊन ढकलतो.
एवढा विश्वास नवराबायकोतही नसतो, म्हणतो.
त्याचं लग्न झालेलं नाही.

खिंड संपली की सेलिना फजचं घर.
रुळांपासून आठ पावलं.
नवरा, हेझेकाया, सांधे उकरायला गेलेला असतो,
दोन-दोन दिवस त्याचा पत्ता नसतो.
मी पंख पसरून जायचो
आणि वाटेतला सगळा बर्फ तिच्या दारावर.
रस्ता मोकळा करायचा, दार बुजवायचं,
एकाच झपाट्यात, एकाच पगारात.
ती मागच्या खिडकीतून उतरायची, फावडं घेऊन.
हे मला अँब्रोझनं सांगितलं. तो मागे असतो, त्याला दिसतं.

त्या फेब्रुवारीत मी तिच्या घराशी डावा पंख मिटला.
तीन मोजले, पुन्हा उघडला.
कचेरीतून चिठ्ठी आली: पंख विनाकारण मिटला,
बर्फाचा बांध तसाच राहिला, खुलासा करा.
खुलासा मी अजून करतोय.

पुढच्या फेरीला तिच्या माडीवर दिवा होता.
पिवळा, पुसट,
ताकात पडलेल्या लोण्याच्या थेंबाएवढा.
मिटला पंख. तीन मोजले. उघडला.
आणि लक्षात आलं, दिव्यानंतर बरोबर अकराव्या मोजणीला सांधा.
इतकी वर्षं मी तो
नुसता देवाच्या भरवशावर ओलांडत होतो.
आमचं बोलणं एकदाच झालं.
पाणी भरायला थांबलो होतो, ती फडक्यात पाव बांधून घेऊन आली,
म्हणाली, मंगळवारी उशिरा मिटलास, काच फुटली माझी.
मी माफी मागितली. पाव गरम होता.

मग ती रात्र, वारा गाडीला कुशीवर लोटणारी.
खिंड ऐकू आली, खिंड संपली, दिवा नाही.
काचेला कपाळ टेकलं. नाहीच.
हात दांड्यावर, आणि डोक्यात नको नको ते:
छप्पर बसलं असेल, चूल विझली असेल,
की मीच चुकलो, ही खिंड ती नव्हेच?
घंटी दाबू? थांबलो तर इथेच गाडले जाऊ.
मिटला पंख, काळोखावर. तीन. उघडला.
आठ, नऊ, दहा,
पातं उचललं
आणि खालून सांधा खडखडत निघून गेला,
झोपेत कुणी दात खावेत तसा.

दोन दिवसांनी कळलं, सेलिना बरी आहे.
रॉकेल संपलं होतं.
ते आमच्याच मागून येणाऱ्या मालगाडीत होतं,
तिसऱ्या डब्यात,
रस्ता मोकळा व्हायची वाट बघत.