दोन हिवाळे वापरलेला

विनिपेगच्या दफ्तरखान्यात पेन न्यायला बंदी आहे.
शिसपेन चालते.
मी आडनाव सांगितलं, हर्कस,
तर बाईनं तीन चोपड्या आणून
बाळं निजवावीत तशा फोमच्या उशांवर ठेवल्या.

कंपनीची रोजकीर्द.
डावीकडे आलेलं, उजवीकडे दिलेलं,
आणि नाणं कुठंच नाही:
बीव्हरचं कातडं हेच नाणं.
एका कातड्याला कुऱ्हाड. एकाला दीड पौंड बारूद.
बंदुकीला अकरा,
आणि बंदूक थंडीत फुटली तर कंपनी जबाबदार नाही.

हर्कस माझा सहा पिढ्यांमागचा.
ऑर्कनी बेटावरचा पोरगा, वर्षाला सहा पौंडांवर
गोठल्या उपसागराकाठी आकडे मांडायला आलेला.
अक्षर सुबक.
शाईची दौत काखेत धरून झोपतो, असं तोच एकदा समासात लिहितो.

मला मात्र ती हवी होती,
चोपडीत जी "लांब क्री माणसाची बायको" आहे
आणि आमच्या घरात सीपीसिस.
सीपीसिस म्हणजे ओहोळ.

तेवीस मे. नदीवरचं बर्फ फुटलं.
"अंगरखा एक, दोन हिवाळे वापरलेला. उत्तम."
खाली त्याच बायकोची नवी कातडी, सात: "साधी."

मला कळायला वेळ लागला.
नव्या कातड्यावर वरचे केस राठ असतात.
पण कुणी लव आतल्या अंगाला घेऊन
ते दोन हिवाळे वागवलं,
त्यात झोपलं, त्यात लाकडं फोडली, त्यात पोर पाजलं,
की राठ केस आपसूक झडतात,
घामानं, चरबीनं, पाठीच्या उबेनं
मागे राहतं ते रेशीम.
लंडनच्या टोपीवाल्यांना हेच हवं होतं.
जुनेराला नव्याहून जास्त भाव.

तिनं फळीवर ठेवला तेव्हा
तो कोमट असणार.
हर्कसनं आत हात घालून लव पाहिली असणार.
मग दौत काखेतून काढून लिहिलं:
किटली एक, सुया बारा, लाल कापड तीन हात.

आणि पुढच्या वर्षी समुद्रापल्याड
कुणी भागधारक आरशासमोर टोपी चढवून म्हणाला असेल,
वा, काय बसली आहे.
तिची पाठ त्याच्या कपाळावर.

लांब माणूस त्यानंतर येत नाही.
दोन पानं नाहीत: कुणी फाडली, की उंदरांनी नेली.
मग हर्कसच्या स्वतःच्या खात्यावर
"पांढरं घोंगडं एक, बाईसाठी",
आणि चार वर्षांनी अक्षर बदलतं.
तो जहाजानं परत गेला. घोंगडं इथंच राहिलं. बाई, आणि एक मुलगा.

पाच वाजले. चोपड्या मिटल्या.
बाहेर उणे एकतीस.
दारात मी कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.
नायलॉनचा आहे. दोन हिवाळे वापरलेला.
याचे कुणी काही देणार नाही.