फजरचं पाणी

मी पराते. नळकाम करतो.
मोमिनपुऱ्यातल्या आमच्या भिंतीपलीकडच्या मशिदीत
वजूखान्याच्या अकरा तोट्या मीच बसवल्या,
आणि त्यांच्या खालची नाली
गटाराकडून टाकीकडे वळवली तीही मीच,
मागच्या वर्षीच्या मे महिन्यात.
पाना हातात धरवत नव्हता, इतका तापलेला.

टाकीसाठी खोदताना जुना खड्डा लागला.
कुतुबचाचा वाकून म्हणाले, "मागाचा खड्डा होय बे हा.
इथंच पाय सोडून बसायचा माझा बाप."
माझाही बसायचा, दोन गल्ल्या सोडून,
कंबरेपर्यंत जमिनीत, हातात धोटा.
मग फार खोदावं लागलं नाही.

खाली गिट्टी, मधे कोळसा, वर कन्हानची रेती.
साबण नाही, तेल नाही,
हात, चूळ, नाक, तोंड, कोपरं,
घोट्यापर्यंत पाय.
एवढ्यानं पाणी मळणार ते किती?
तरी एकानं विचारलंच, पायाचं पाणी पुन्हा?
मौलाना म्हणाले, पाणी पाकच आहे,
फक्त आता दुसऱ्याला पाक करू शकत नाही.
झाडाला चालतं. झाडाला कुठं नमाज पढायची?
सगळे हसले.
मला ते मधलं वाक्य
पाइपातल्या खड्यासारखं अडकून राहिलं.

जोहरचं पाणी घाईचं, दुकानं उघडी टाकून आलेल्यांचं.
असरला पोरं येतात, तोटी उगाच पुरी सोडतात.
जुम्म्याला टाकी ओसंडते,
मग गल्लीतल्या सात कडुनिंबांची चंगळ,
आणि मनपाच्या शाळेतल्या जांभळीची,
जिच्यापर्यंत मी अर्धा इंची नळी नेली
कुणाला न विचारता.
मुख्याध्यापक बाईंनी पाहिलं. बोलल्या नाहीत.

फजरचं मात्र बारीक.
चार म्हाताऱ्यांचं.
त्यात कुतुबचाचांचं अंथरुणातूनही ओळखू यायचं,
करंगळीएवढी धार,
थांबायची, पुन्हा सुटायची,
कांडीवरून सूत सुटावं तशी.
"नदीवर बसला तरी जादा सांडू नये," म्हणायचे,
मला, ज्याचं पोट गळक्या नळांवर.

जानेवारीत एका पहाटे
पाइप नीट वाजला नाही.
वाटलं, चोक झाला.
उलटा स्वेटर घालून पाना घेऊन धावलो.
नाली साफ. रेती साफ.
पाणी तिघांचंच होतं.
ते तिघं पायरीवर चपला शोधत होते,
लवकर सापडत नव्हत्या त्यांना.
मी पाना पाठीमागे धरला.

आता जून लागला.
शाळेच्या फाटकावरून पोरं उड्या मारतात,
जिभा जांभळ्या करून घरी जातात.
रेती बदलायची आहे.
मोटरचे साडेसहाशे कमिटीकडून यायचे आहेत.
अकराव्या तोटीचा वायसर झिजलाय,
पिशवीत नवा आहे, दोन महिने झाले,
बसवत नाही.
रात्रभर थेंब थेंब.
जातं तसंही जांभळीलाच.

चाचा असते तर रागावले असते.