बोली

हर्णै बंदरात संध्याकाळी
सुरमईचा लिलाव लागतो.
अकराशे, साडेअकराशे, कोण आहे पुढे, बोला!
दामोदर चोगल्याचा घसा
मासा विकेपर्यंत सुकत नाही.

सुकतो नंतर.
मग तो वरच्या गल्लीत येतो, माझ्या बियर शॉपीत,
खवले चिकटलेल्या हातानं
फ्रीजचं दार उघडतो.

फ्रीज माझा नाही. कंपनीनं दिलाय.
आत दुसऱ्याची बाटली ठेवली
तर परत नेतील, एवढंच बोलणं झालंय.
दुसरा म्हणजे कोण, हे
मला अजून नीट कळलेलं नाही.
एकीवर घोडा, एकीवर डोंगर,
तिसरीवर कुठल्याशा थंड देशाचा बर्फ,
आणि मागे, बारीक अक्षरात,
पत्ता एकच.

"दोनशे दहा?" दामोदर म्हणतो.
"गेल्या शिमग्याला एकशेऐंशीला होती."
मी बाटली फिरवून छापील आकडा दाखवतो.
"एकशेनव्वद," तो म्हणतो, सवयीनं,
आणि बोट वर धरून थांबतो,
वाळूत उभा असल्यासारखा.

पलीकडून कोणी बोलत नाही.
फ्रीज घरघरतो.

माझा आजा माडावर चढायचा.
त्याच्या माडीला काय भाव होता, आठवत नाही.
पण शेजारच्या माडावर
धाकू मयेकर असायचा,
आणि गिऱ्हाईक दोघांच्या मडक्यांचा
वास घेऊन मग ठरवायचं.

दामोदर दोनशे दहा मोजतो.
दहाची नोट ओली आहे.
ती मी फ्रीजच्या मागच्या
गरम अंगाला चिकटवून वाळवतो.