लपण

मसाला आधी वाटायचा नाही.
सासूनं घालून दिलेला नेम.
शिट्टी यायच्या आत पाट्याला पाणी लावलंस
तर रान रिकामं होतं, म्हणायची.

शिट्टी ओहळाकडनं यायची, दोन बोटं तोंडात घालून.
एक म्हणजे होला.
सात माणसांत एक होला.
वास भाताला, भांडण तंगडीसाठी.
दोन म्हणजे रानकोंबडा. तो दोन तास शिजायचा
आणि तरी दातांशी वाद घालायचा.
तीन म्हणजे भेकर.
आख्ख्या संसारात तीनदा तीन ऐकल्या.
खोबरं निखाऱ्यावर काळं करायचं, तीळ, धणे,
आणि लसूण सोलून व्हायच्या आत
नागव्वा वाटी घेऊन दारात, न बोलावता.

शिट्टीच नाही आली तर जवसाची चटणी,
भाकरी, आणि कुणी कुणाकडं न बघता जेवण.

लपण ह्यांनी हातानं बांधलं, नाचण्याच्या बांधावर.
कारवीच्या काठ्या, वर कुंभ्याची पानं.
पानं झडली तेव्हा निवडणुकीचा फ्लेक्स आणून
मागच्या अंगाला बांधला,
उमेदवाराचं तोंड आत करून,
जनावर बुजू नये म्हणून.

त्याच निवडणुकीत बंदूक खानापूरच्या ठाण्यात जमा झाली.
पावती कन्नडात. हणमंतप्पा गार्डानं
अंगणात उभं राहून वाचून दाखवली:
मष्णू रवळू गुरव, ठासणीची एक.
जे नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही
ते त्यानं बाजाराच्या यादीगत वाचलं.
भेकराचं आता विसरा अक्का, म्हणाला, केस होते.
मग अंड्याच्या रश्श्याला बसला
आणि साकु साकु म्हणत तीनदा वाढून घेतलं.

बंदूक परत आली नाही.
पावती हळदीच्या डब्यामागं आहे.
हे तरी रोज दिवस कलला की लपणात जायचे,
डुकरं हाकायला, म्हणून. सोबत पत्र्याचा डबा.
डबा वाजलेला मी फार वेळा ऐकला नाही.

शिमग्यानंतर हे गेले.
ह्या वर्षी नाचणी कणसावर आली, राखायला कोण?
धोंडू फोंड्याला, हॉटेलात, दुसऱ्यांच्या कोंबड्या कापतो.
मीच गेले.

आत पोत्याची बैठक. चुन्याची डबी, चुना दगड झालेला.
पुढं ओहळावर रोखलेली फट, एवढी माहीत होती.
मागं फ्लेक्सला, उमेदवाराच्या डाव्या डोळ्यात,
बिडीनं पाडलेलं भोक.
डोळा लावला.
आमची मागची पडवी.
पडवीत पाटा.

आता सांगते. नेम मी पाळला नव्हता.
धोंडू पोटात होता तेव्हा तर रोजच,
भूक थांबायची नाही,
दिवस बुडायच्या आत वाटून मोकळी.
वरवंटा हळू ओढायची, सासूच्या कानाला लागू नये म्हणून.
शिट्टी नाही आली की तोच मसाला बटाट्याला.

म्हणजे हे बघत होते.
आधी भोक कशाला पाडलं असेल, कुणाला ठाऊक,
पण बघत होते.
रिकाम्या हातानं यायचे, पाय धुवायचे, बसायचे.
आईला एका शब्दानं सांगितलं नाही.
एकदाच, बटाट्याचा घास तोंडात धरून म्हणाले,
ह्याला भेकराची चव कशी लागली ग?
मी समजले, वाखाणतायत.

अंधारताना पलीकडं भुंकलं.
कुत्रं नव्हे, भेकर.
मग पाण्यावर आलं, माझ्या फटीत मावेल एवढंच.
माझ्या हातांना सकाळच्या कांद्याचा वास.
त्यानं नाक वर केलं,
एक पाय तसाच उचललेला,
आणि नव्हतंच.

दोन बोटं तोंडात घालून बघितली.
नुसती थुंकी उडाली.

घरी येऊन पाट्याला पाणी लावलं.
बटाटे चार होते,
त्यातल्या एकाला कोंब फुटलेला.