दोन पाट्या

दर रविवारी उजाडायच्या आत
नगरपालिकेच्या शाळेच्या पटांगणात
मी शेतकरी बाजाराच्या पाट्या लिहितो.
अंबाजोगाईतली निम्मी दुकानं एकेकाळी माझ्या अक्षरात होती.
फ्लेक्स आला, ब्रश वाळून गेला,
उरलं हाताचं वळण आणि खडूचा डबा.
पाटीमागं दहा रुपये. नसतील तर मेथीची जुडी.
तीही नसली तर चहा.

अच्युत लोमट्याचे कॅन आधी येतात, मागून तो.
"लिव्ह, लाकडी घाण्याचं करडईचं तेल.
शुद्ध लिवू नको.
शुद्ध म्हणलं की गिऱ्हाईक वास घेऊन बघतंय."
मी शुद्ध पुसतो.
तो तेलकट बोटानं भावाखाली रेघ ओढतो,
त्या रेघेवर पुढं महिनाभर खडू बसत नाही.

नसीम आपा शेवयांचा भाव एकदम सांगत नाही.
आधी शेजारी काय चाललंय ते विचारते.
मग ओठातल्या ओठात गहू, दळण,
चैतातल्या उन्हाचे चार दिवस
आणि गच्चीवर कबुतरं हाकणारी धाकटी पोरगी,
सगळं बेरजेला धरते.
"एकशे साठ," म्हणते. मी लिहितो.
मी उठायला लागलो की बाही ओढते,
"एकशे चाळीस कर. पोरीचे नको धरू, वो घर की है."

धारूरच्या डोंगरातली सीताफळं घेऊन आलेल्या दैवशालाला
अक्षर नको होतं, चित्र पाहिजे होतं.
"फळानं डोळा उघडला की समजावं.
इथल्या लोकायला कुठं कळतंय ते? दाबून दाबून नास करतेत."
मी एक फळ काढलं, त्याला पापण्यांसकट डोळे काढले.
पोरं थांबून हसली, पोरांच्या आया थांबल्या,
नऊच्या आत तिची दोन क्रेट रिकामी.
माझ्या चित्राला इतकं गिऱ्हाईक
लग्नाच्या भिंती रंगवतानाही नव्हतं.

प्रयागबाई सगळ्यात शेवटी.
घाटनांदूरची पहिली गाडी चुकली म्हणून दुसरीनं.
डोक्यावर पाटी, पाटीत अंबाडीच्या जुड्या,
जुड्यांखाली तीन डबे : कारळ, जवस, शेंगदाणा.
मी माझी पाटी पुढं केली.
"एक हाय की डोक्यावर. दुसरी कशाला?"

कृषी खात्याचे साहेब म्हणाले,
मावशी, दर दर्शनी भागात लावायचा. नियम आहे.
ती जुड्यांवर पाणी मारत राहिली.
"भाव लिवला की माणूस पाटीसंगं बोलतंय, साहेब.
मग माज्यासंगं कोण बोलंल?"

साहेब माझ्याकडं बघू लागले, मी खडूकडं.
कोरी पाटी तिच्यापुढं ठेवून मी सरकलो.

परत आलो तर पाटी तिच्या मांडीवर आडवी.
पदरानं पुसलेली, वर अंबाडीची पानं अंथरलेली,
पानांवर तीन ढीग, काळा, तपकिरी, तांबडा,
आणि चौथीकडं भाकरीचे तुकडे, नखाएवढे.
भोवती माणसं उकिडवी बसलेली.
शाळेच्या बाई, गॉगल डोक्यावर चढवलेला एक पोरगा,
कडेवर लेकरू घेतलेली कुणीतरी,
आणि त्यांच्यात साहेब.
जीप चालू ठेवून साहेब कारळ चाखत होते.

बाईंना तीस, गॉगलवाल्याला चाळीस,
लेकरूवालीला अंबाडीची जुडी वरून.
"हिला सांगू नको," गॉगलवाल्याला म्हणाली,
आणि तो खरंच नाही बोलला.
साहेबांनी काय भावानं नेली ते मी विचारलं नाही.

दुपारी तिनं पाटी परत दिली.
दहाची नोट पुढं केली.
"लिहिलं तर काहीच नाही," मी म्हणालो.
"बसली व्हती की मांडीवर चार तास. भाडं नको का?"

नळाखाली पाटी घासली, दोनदा.
वाळल्यावरही कारळाचा वास येतो.
ती मी आता बाकीच्यांत मिसळत नाही,
घरी खुंटीला वेगळी असते.
एकदोनदा वाटलं, हिच्यावर काहीतरी लिहावं, बाजाराचं नाही, असंच.
खडू धरून बसतो, पण तोवर रविवार येतो
आणि प्रयागबाई ती मागून घेते.