पानगळ

ऑक्टोबरात हडर्सफील्डची झाडं उघडी पडली,
तेव्हा मीही ड्रमची पानं उतरवली.

आधी टॉवेल पसरून पाहिले होते;
आवाजाला सर्दी झाली, एवढंच.
मग दुपदरी पान आणलं, जाड, समजूतदार.
तरी भिंतीवर मॉरीनची टकटक चुकली नाही.
मधे एकच वीट. तिची रात्रपाळी, माझी हौस.

शेवटी जाळीची, चाळणीसारखी.
समोरासमोरचे स्क्रू, किल्लीनं अर्धा अर्धा आटा,
आणि स्नेअरवर पहिली स्टिक टाकली:
मळलेल्या कणकेवर बोट आपटावं तसं.
झांजा कपाटात, स्वेटरांखाली.

खोली इतकी गप्प
की पेडलची कुरकुर ऐकू आली
आणि तिच्यामागून मॉरीन.
कुत्र्याला सांगत होती,
पहाटे वॉर्डात कोण गेलं,
कुणाचे पाय शेवटपर्यंत गरम झालेच नाहीत.
नऊ वर्षं सांगत असणार.

स्टिका मांडीवर ठेवल्या मी.
पण शांतता फार झाली
तर तिला कळेल कुणी ऐकतंय,
म्हणून वाजवत राहिलो
स्नेअरची नुसती लोखंडी कड,
टक, टक,
तिला बोलता यावं इतपत.