चोवीस सेकंद

खाट नंबर सात. मिस हेस्टर ऑल्डरॉइड, वय शहात्तर.
डावा कान गेलेला, उजवा
तिला हवा असेल तेव्हाच चालायचा.
यॉर्कशरमधल्या त्या इस्पितळात मी रात्रपाळीला.
तिला झोप नसे.

वडील सेटलच्या रेल्वेत सिग्नलवाले.
लाकडी केबिन, लोखंडी दांडे, पितळी घंटा.
एक ठोका पुढच्या ठाण्याला : आहेस का?
मग थांबायचं.
तिकडून एक ठोका : आहे.
"गाड्यांचं मला काही नव्हतं," ती म्हणाली,
"मला ते मधलं थांबणं आवडायचं."

पुढे जन्मभर तिनं तेच केलं.
फक्त ठाणं वर होतं.

मेंढ्यांच्या कुरणात पत्र्याची खोपटी,
डांबर फासलेले दोन खांब, मध्ये तार,
बॅटरीच्या ॲसिडनं भोकं पडलेला स्कर्ट.
पगार सहायकाचा, निबंधात नाव तळटीपेला.
ती आकाशाला ठोका द्यायची
आणि परतीचा वेळ मोजायची :
सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी.
तेवढ्यात लाट साठ मैल वर जाऊन आलेली.
"तिथे एक उलटी जमीन आहे," मला सांगायची,
आणि मी मनात माझ्या शब्दांत मांडून घ्यायची :
ऊन ती रोज सारवतं,
रात्र ती उकरून टाकते.

सत्तावीस सालच्या जूनमध्ये सूर्याला खग्रास लागलं.
वडील रात्रभर घंटा देत होते, इतक्या जादा गाड्या.
पहाटे सगळं गाव टेकडीवर,
काजळी धरलेल्या काचा, थर्मासमधला चहा, कडेवर पोरं.
आणि ही खोपटीत, खिडकीला गोणपाट लावून,
काट्याच्या उजेडाचा ठिपका बघत.
सावली आली.
मेंढ्या गप्प झाल्या, एवढं तिला कळलं.
ठिपका हलला :
वरची जमीन कुणीतरी उचलून धरली होती.
चोवीस सेकंद.
बाहेर एकच हाकाटी झाली, ती उठली नाही.

"म्हणजे सूर्य पाहिलाच नाही?"
"बाकीचे पाहत होते की."
मग जरा वेळानं : "चहा गार झालाय, बाई."

लढाईत तिला कुठल्याशा किनाऱ्यावर नेलं होतं.
त्याबद्दल चकार शब्द नाही.
पण इस्पितळावरून विमान गेलं
की तिची बोटं चादरीवर काहीतरी मोजत राहायची.

मार्चमध्ये मी घरी फोन लावला.
आमच्या जुन्नर तालुक्यात, आर्वीला,
बाजरीच्या रानात ती भलीमोठी तबकडी बसली होती.
आई नारायणगावच्या पोस्टात येऊन थांबलेली.
मी बोलले की तिकडे काहीच नाही,
मग दोघी एकदम बोलायचो,
एकदम गप्प व्हायचो,
आणि पौंड जात राहायचे.
रात्री मी हेस्टरपाशी कुरकुरले. ती उठूनच बसली.
"मधे किती वेळ? मोजलास?"
नाही म्हटल्यावर मला अशी झापली
की शेजारची खाट जागी झाली.

पुढच्या वेळी मोजला. अर्धा सेकंद.
तिनं माझ्याच तापाच्या तक्त्यामागे गणित मांडलं,
पेन्सिल थुंकीनं ओली करत.
"नव्वद हजार मैल, थोडे वरच.
एवढं चालून तुझी आई म्हणते, बरी आहे.
आणि तू पौंड मोजतेस."

तेव्हापासून आमची रीत :
पाळीवर आले की मी खाटेच्या दांड्यावर एक ठोका द्यायची,
ती डोळे मिटूनच एक परत.
ऐकू येत नसे तिला. लोखंडातून हाताला पोचायचा.

नोव्हेंबरातली ती रात्र, बाहेर धुकं.
मी ठोका दिला.
थांबले.
चोवीसपर्यंत मोजलं,
मग पुढेही.